वाळवीने खाल्लेला शेवट

पुस्तकांचं कपाट हललं की सुनेला बाळाचा पाळणा ठेवायला भिंत मिळणार होती. म्हणून तिने सासूबाईंची लाडकी कादंबरी ई-बुक म्हणून घेऊन दिली.

सासूबाई शेवटाकडे सरकू लागल्या, तसे सासरे त्यांच्याभोवती घुटमळू लागले. लग्न नवं असताना बायकोने भलतं शिकू नये म्हणून छापील प्रतीची शेवटची पानं त्यांनीच फाडली होती, आणि नाव वाळवीचं घेतलं होतं.

“अहो, मला इतकी वर्षं वाटायचं तशी नायिका उंबऱ्यावरून परत फिरत नाही. नवऱ्याला सोडून चक्क निघून जाते!”

“हो? मला काय ठाऊक!”

“वाळवीला बरं तेवढंच गोड लागलं!”

सासूबाईंनी बॅग भरली आणि बहिणीचं घर गाठलं.

भिंत सुनेला मिळाली. किंमत सासरे मोजताहेत, रोज फोनवर नाक घासून.