रिकाम्या गाडीची जुळवणी

चष्मेवाल्याने तीन आठवड्यांनी बायकोला फोन केला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "तुझं वजन किती?"

पलीकडे कुठेतरी नळ वाहत होता. तोही बंद झाला.

"काय म्हणालास?"

"वजन. साधारण सांग. पाच किलो इकडेतिकडे चालेल."

फोन कट झाला. चष्मेवाल्याने तो कानाला तसाच धरून ठेवला. हात ग्रीसने माखले होते, आणि एवढा लावलाच आहे तर राहू दे, असं त्याला वाटलं.

परिस्थिती अशी होती. सोमवारी सकाळी बायको दुसऱ्या गावी, थोरल्या बहिणीकडे जाणार होती. तिथे नोकरी ठरली होती, खोली ठरली होती, खोलीच्या पडद्यांचा रंगही ठरला होता. आणि पडद्यांचा रंग ठरला की माणूस परत येत नाही. आज शनिवार, दुपारचे दोन. संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःपेक्षा वयाने मोठ्या, दोन सीटच्या लाल स्पोर्ट्स कारची मागची चाकं जुळवायची होती. मग गाडी सासऱ्यांच्या दारात न्यायची, बायकोला शेजारी बसवायचं, गावातून एक सरळ चक्कर मारायची, आणि मग ती म्हणणार, "बरं, राहते." शेवटच्या टप्प्याचं नियोजन जरा कच्चं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी दोघं फिरायला निघाले असताना एका वळणावर गाडीचं मागचं अंग घसरलं. गाडी स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेऊन कुणाच्या तरी कोबीत जाऊन थांबली. खरचटलंसुद्धा नाही कोणाला. तेव्हा तो गप्प बसला असता तर निभावून गेलं असतं. पण चष्मेवाला पडला तांत्रिक माणूस. त्याने इंजिन बंद केलं, नीट विचार केला आणि म्हणाला, "मी एकटा असतो तेव्हा सरळ जाते. तू बसलीस की बिघडतं."

तो गाडीबद्दल बोलत होता. तिने आठ वर्षांच्या संसाराबद्दल ऐकलं. ती कोबीतून उतरली आणि तशीच चालत माहेरी गेली.

खरी भानगड त्याला या मंगळवारी सापडली. गाडीच्या जुन्या पुस्तकात, तेलाच्या एका डागाखाली, ओळ होती: मागची चाकं जुळवताना दोन्ही सीटवर माणसाएवढं वजन ठेवावं. वजन आलं की या गाडीचं मागचं अंग दबतं, आणि दबलं की चाकांची दिशा बदलते. गेल्या वर्षी त्याने ती घरीच जुळवली होती आणि तेव्हा गाडीत कोणीच नव्हतं. रिकाम्या गाडीत चाकं अगदी शहाण्या मुलांसारखी नाकासमोर बघत. एक जण बसला की जरा बिचकत. दोघं बसले की एक चाक या गल्लीत बघे, दुसरं त्या गल्लीत. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचा पाव पाव नंबर पकडणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी तिरळी होती आणि त्याचं खापर त्याने बायकोवर फोडलं होतं.

म्हणून आता गाडीच्या दोन्ही बाजूंनी चार स्टुलांना दोरे ताणून बांधले होते. दोऱ्यापासून रिमची पुढची कड किती लांब आणि मागची किती, एवढंच मोजायचं. पुढचं माप एक मिलिमीटर जास्त आलं की चाक किंचित आत बघतं. तेच हवं असतं. नाही आलं तर चाकाच्या दांड्याच्या बुडाशी पातळ पत्रा घालायचा, गाडी पुढेमागे ढकलून बसवायची आणि पुन्हा मोजायचं. चालकाच्या सीटवर दहा दहा लिटरचे सात पाण्याचे कॅन पट्टा बांधून बसवले होते. बाजूच्या सीटवर किती ठेवायचं, हा प्रश्न होता. पुस्तकात सरासरी माणसाचं वजन दिलं होतं. पण सरासरी माणूस त्याला सोडून चालला नव्हता.

अर्ध्या तासाने सासरे आले. धान्यबाजारात त्यांनी चाळीस वर्षं तोलारी केली होती. पोत्यावर नुसता हात ठेवून किलो सांगणारा माणूस.

"जावईबापू, तुम्ही पोरीला फोन करून वजन विचारलंत?"

"हो."

"कशासाठी?"

"मागच्या चाकांसाठी."

सासऱ्यांनी दोरे पाहिले, स्टुलं पाहिली, पट्टा बांधून समोर बघत बसलेले सात कॅन पाहिले. "मी तेव्हाच म्हटलं होतं तिला. मुलगा पीत नाही, पत्ते खेळत नाही, म्हणजे काहीतरी असणारच."

"बाबा, तुम्हाला तरी माहीत असेल तिचं वजन."

"घरातल्या बायकांची वजनं बाहेर सांगत बसलो असतो तर आज हा देह तुम्हाला दिसला नसता. तिची राहिलेली सूटकेस द्या, मी निघतो."

ती सूटकेस गेली की घरात बायकोचं म्हणून फक्त वाय-फायचा पासवर्ड उरणार होता. त्याने सूटकेस आणली, पण हातातून सोडली नाही.

"बाबा, फक्त पाच मिनिटं गाडीत बसा. तुमचं किती?"

"एक्क्याऐंशी. चपलांसकट."

जास्तच होतं. पण बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खा ओंडका चालत आला होता. गाडीची सीट जमिनीपासून वीतभर उंच. सासरे हप्त्याहप्त्याने बसले: आधी एक पाय, मग कण्हणं, मग उरलेले सासरे. सूटकेस त्यांनी मांडीवर घेतली. विश्वास नव्हता.

"ही अकरा किलो," ते म्हणाले. "धरा हिशेबात."

चष्मेवाल्याने मोजलं. डावं चाक तीन मिलिमीटर बाहेर, उजवं चार. त्याने जॅक लावला, पत्रा सरकवला, जॅक काढला, सासऱ्यांसकट गाडी ढकलली. डावं सुधारलं. उजवं आणखी बिघडलं. पुन्हा जॅक. तीन वाजले, चार वाजले. एकदा पत्रा उलट्या बाजूला घातला गेला आणि सगळी मापं पार रसातळाला गेली. त्याने चाकाला कपाळ टेकलं.

"पाच मिनिटं झाली का हो?" आतून आवाज आला.

"होत आलीत."

"आमचा काटा रिकामा असताना बरोबर शून्यावर यायचा. पण तेवढ्यावर कोणी टाळ्या वाजवत नसे. माल चढवल्यावर खरं बोलतो का, ते बघायचे."

"हो ना. पुस्तकात तेच आहे."

"मी गाडीबद्दल बोलत नव्हतो."

"मला वाटलं, गाडीबद्दलच."

सासऱ्यांनी दीर्घ श्वास घेतला. त्याने दोरा किंचित हलला.

साडेपाचला त्यांनी उतरायचं ठरवलं आणि उतरता येईना. गुडघ्यांनी संप पुकारला होता. चष्मेवाल्याने हात ओढले, मग काखेत हात घालून ओढलं, मग दोघांनी मिळून दम खाल्ला. शेवटी सासऱ्यांनी लेकीला फोन लावला. "मी तुझ्या नवऱ्याच्या गाडीत अडकलोय. नाही, उभी आहे गाडी. उभ्या गाडीत."

ती आली तेव्हा चष्मेवाला उजव्या चाकाशी आडवा पडला होता. त्याला फक्त तिच्या चपला दिसल्या. त्या दोऱ्यापाशी थांबल्या.

इतक्या दिवसांत त्याने बरीच वाक्यं तयार केली होती. त्यातलं एकही आठवेना.

"तुझ्यामुळे नव्हतं," तो चपलांना म्हणाला. "मी गाडी रिकामी धरून जुळवली होती. चूक माझी होती."

"हे कधी कळलं तुला?"

"मंगळवारी."

"आज शनिवार आहे."

"आधी दुरुस्त करणार होतो. मग सांगणार होतो."

"चार दिवस?"

"पत्रे मिळत नव्हते."

चपला दुसऱ्या बाजूला गेल्या. पट्टा सुटल्याचा आवाज आला आणि पाण्याचे कॅन एकेक करून फरशीवर येऊ लागले. सातवा ठेवून ती चालकाच्या सीटवर बसली.

"बाबा, तुम्ही असेच घरी चला. तिथे दादा आहे, तो काढेल. चावी?"

"थांब," चष्मेवाला म्हणाला. "एकदा मोजू दे. तू बसली आहेस तोवर."

तिने कपाळाला हात लावला, पण थांबली. त्याने डावं मोजलं. एक मिलिमीटर आत. उजवं मोजलं, पट्टी पुसून परत मोजलं. एक मिलिमीटर आत. वर्षभरात पहिल्यांदाच दोन्ही चाकं दोन माणसांना घेऊन शहाण्यासारखी उभी होती, आणि त्या दोघांत तो नव्हता.

"झालं?"

"झालं."

"मग दोरे काढ."

त्याने ते स्वतःच्या हाताने काढले. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि दोरीवर चालावी तशी नाकासमोर निघून गेली. बायको, सासरे, सूटकेस, सगळं एकदमच.

बघण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा चष्मेवाला पायीच निघाला. अडीच किलोमीटर अंतर. वाटेत एका गिऱ्हाइकाने हटकलं, "माझा चष्मा झाला का?" तो "नाही" म्हणाला आणि थांबला नाही.

सासऱ्यांच्या दारात गाडी उभी होती. मेव्हणा त्यांना काखेत धरून ओढत होता, बायको एक पाय सोडवत होती. तिने वर पाहिलं.

"उभा काय राहिलास? दुसरा पाय धर."

त्याने धरला. "गाडी कशी गेली?" हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"सोमवारी जाऊ नकोस," तो म्हणाला.

"मला ऐकू येतंय हं," सासरे म्हणाले.

"जाणार आहे मी," ती म्हणाली. "नोकरी चांगली आहे. आणि तिथे मला कोणी बिघाड म्हणत नाही."

मेव्हण्याने जोर लावला. सासरे वीतभर वर आले आणि परत खाली गेले.

"मग सोडायला येऊ?"

"या गाडीने?"

"नाही. तुझ्याबरोबर बसने. सूटकेस धरायला."

तिने बाबांचा पाय नीट पकडला, त्यालाही नीट पकडायला लावलं आणि तिघांनी मिळून एकदम ओढलं. सासरे बाहेर आले, धापा टाकत भिंतीला टेकले.

"सोमवारी सकाळी सात दहाची बस आहे," ती हात झटकत म्हणाली. "तुझ्यासाठी थांबणार नाही मी."