ओल्या हाताची पकड

काउंटरवर सात सुऱ्या मांडल्या होत्या. पाच सरळ पात्याच्या, एक घडीची, एक जवळजवळ कोयत्याएवढी. तीन मुठी रबराच्या, दोन लाकडाच्या, एक शिंगाची आणि एक नुसती दोरी गुंडाळलेली. सगळ्या नमुन्याच्या, एकीलाही धार नव्हती आणि प्रत्येकीच्या पात्याच्या टोकाला भोक होतं.

"भोक कशाला?" मुलीनं विचारलं.

"ओढायला." दुकानवाल्या बाईंनी काउंटरखालून साबणाच्या पाण्याचं भांडं काढलं, मग पोती तोलायचा, हुकाचा ताणकाटा. "जंगलात पाऊस, चिखल, घाम. हात कोरडा असतोच कुठे? मूठ सुटली की बोटं सरळ पात्यावर. म्हणून आधी हात भिजवायचा, सुरी घट्ट धरायची आणि मी ओढते. किती किलोला सुटते ते बघायचं. दहाच्या आत सुटली, तर ती सुरी त्या हाताला देत नाही."

"गिऱ्हाईक परत पाठवता?"

"परत पाठवलेलं पुन्हा येतं गं. जंगलातून न आलेलं कुठून येणार?"

बाबा हसले. जरा जास्तच मोठ्यानं हसले, असं तिला वाटलं.

बाबा जंगलात झाडं मोजायचे. नोकरीला लागल्यापासून हेच काम. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायचा, घेर वाचायचा, पुढच्या झाडाकडे जायचं. सोबत एकच जोडीदार, लंबू. गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि दोघं पलीकडे अडकले. तेव्हा एका सुरीनं त्यांनी फांद्या तोडून आडोसा केला, ओल्या ओंडक्याच्या पोटातलं कोरडं लाकूड काढून जाळ केला. ती सुरी मागच्या महिन्यात पाण्यात पडली. कशी पडली, हे बाबा दर वेळी थोडं वेगळं सांगत. सोमवारी नवी मोजणी सुरू होणार होती.

महिनाभर बाबा बटणांचे शर्ट घालत नव्हते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरत होते. आई म्हणाली, थंडी आहे. थंडी नव्हती.

बाबांनी उजवा हात भिजवून पहिली सुरी धरली. बाईंनी हुक भोकात अडकवून ओढलं.

"पाच."

"मूठ बारीक आहे हो," बाबा म्हणाले.

दुसरी सहाच्या जरा आत सुटली. लाकूड फार गुळगुळीत होतं. तिसरीच्या रबराला तेल लागलेलं होतं; बाईंनी ती पुसून पुन्हा दिली, तरी साडेपाच. शिंगाची मूठ बोटांना टोचत होती. घडीची तर त्यांना पहिल्यापासूनच आवडली नव्हती.

"प्रत्येकीत खोट काढताय काका. सोयरीक थोडीच करायची आहे?"

"दहा दिवस रात्रंदिवस कमरेला राहणार, ताई. सोयरीकच की."

सहा सुऱ्या झाल्या. एकही सहाच्या पुढे गेली नव्हती.

"मी बघू?" मुलीनं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हात भिजवले. प्रयोगशाळेतल्या बाटल्यांपेक्षा जड काही ती कधी उचलत नसे. तिच्या हातात गुळगुळीत लाकूड अकरा किलोला सुटलं. रबर चौदाला. दोरीची मूठ सतराला.

चौथी सुरी तिनं उचललीच नाही. तिची सगळ्यात वाईट मूठ बाबांच्या सगळ्यात चांगल्या मुठीच्या जवळपास दुप्पट होती. मुठी मोजायला आपण आलोच नव्हतो, हे तिच्या लक्षात आलं. भिजवलेले हात कुठे पुसावेत, ते तिला कळेना.

"म्हणजे अंगण सरळच आहे," बाबा म्हणाले.

बाई हळूच म्हणाल्या, "दोघं जाता ना? सुरी जोडीदाराकडे राहू दे की."

"आणि जोडीदारच घसरला तर?" बाबा म्हणाले. "त्याला वर कोण ओढणार?"

"लंबूकाकांना माहीत आहे?" मुलीनं विचारलं.

"त्याला वाटतं, सुरी ओली होती म्हणून निसटली."

"आणि डॉक्टरांना दाखवलंत?" तिनंच पुढे विचारलं.

"मोजणी झाल्यावर दाखवणार होतो."

"बाबा."

"ऐकलं गं." त्यांनी हात पुसला, बोटं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. दोरीची तेवढी राहिली होती. "ही शेवटची. दहा आले तर जातो. नाही आले तर लंबूला इथूनच फोन करतो, दुसरा माणूस बघ म्हणून."

बाईंनी ताणकाटा उचलला.

"तुम्ही नको ताई. तुम्हाला दया येईल. ही ओढेल."

बाबांनी हात भिजवला. तिनं हुक अडकवला. एक झटका दिला, तर काटा क्षणभर दहाच्या पुढे उडी मारेल, हे तिला माहीत होतं. आयुष्यभर मोजमाप केलेल्या माणसालाही ते माहीत असणार. बाबा काट्याकडे बघत नव्हते. तिच्या हाताकडे बघत होते.

ती सावकाश, एकसारखं ओढत गेली. बाबांची बोटं पांढरी झाली. मनगटाच्या शिरा वर आल्या, कोपर थरथरलं. साबणाचं पाणी दोरीतून थेंबथेंब काउंटरवर पडलं. मग मूठ आधी करंगळीतून सरकली आणि सगळीच सुटली.

"किती?"

"सहा किलो चारशे."