माहिती पतीने दिली

पिन वाकडी मारलेली होती. पावती आणि केसपेपर एकत्र ठेवायला कोणीतरी घाईत ठोकलेली... तिचं टोक बोटाला टोचत होतं आणि राजाराम परब ते टोचू देत होता, परळच्या या इस्पितळात, बिलांच्या खिडकीसमोरच्या गार खुर्चीवर, साडेनऊपासून. पावतीवर तीनशे वीस रुपये. को-पे. म्हणजे तपासणीचे ऐंशी टक्के विमा कंपनी देणार, वीस टक्के आपण. ठीक आहे, नियम तो नियम; पण तपासणी झाली कुठे? डॉक्टरने माझ्या बायकोकडे, मायाकडे, धड पाहिलंसुद्धा नाही. तीन मिनिटं. खांद्याला मलम लिहून दिलं, आणि पाचव्या दिवशी ती गेली. खांदा नव्हताच तो, हृदय होतं. न केलेल्या कामाचे वीस टक्के मी का भरायचे? का म्हणून?

लेखी तक्रार दिल्यापासून ही तिसरी खेप. लालबागच्या त्यांच्या इमारतीत सगळे म्हणत होते, सोडा हो परब. हितेंद्रने तर परवा कहर केला. पोटचा मुलगा, पण म्हणतो, "बाबा, तीनशे वीस मी तुम्हाला जीपे करतो, पण हे थांबवा आता." मेल्या, मला पैसे हवेत? मला त्यांच्याकडून लिहून हवंय. चुकलं म्हणून. एका ओळीत लिहा, पण लिहा. तेव्हापासून राजाराम मुलाशी बोललेला नाही, आणि दोघं जेवताना टीव्ही मोठा करतात.

खिडकीशी भांडणं त्याला नवीन नव्हतं. रेशन, वीज, मुलाची अॅडमिशन, चाळ पाडून टॉवर झाला तेव्हाचे कागद... बोलायचं त्याने आणि पिशवी घेऊन मागे उभं राहायचं मायाने, हे लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनच ठरून गेलेलं. घरी येताना ती हसायची. "अहो, त्या बाईला रडवलंत की आज." त्याला ते आवडायचं, खोटं कशाला बोला. आता घरी जाऊन कोणाला सांगायचं...

"परब काका, या."

खिडकीतल्या मुलीच्या छातीवर आकांक्षा नावाची पाटी होती. मागच्या दोन्ही वेळा तो तिच्यावरच ओरडला होता, आणि तरी तिने त्याला आत बोलावून बसायला स्टूल दिलं. त्यामुळे त्याला आणखीच राग आला.

"काका, रिफंड मंजूर झालाय. पूर्ण."

"आणि उत्तर?"

"तेही आलंय. डॉक्टरांची त्या दिवशीची नोंद आहे, इंग्रजीत. वाचून दाखवू का?" तिने कागद अर्धा दुमडला. "नाही वाचलं तरी चालेल."

"वाचा. चाललं असतं तर आलो असतो का इथे?"

ती हळू वाचू लागली, मराठीत करून. वय त्रेसष्ट. डावा खांदा दुखतो. माहिती पतीने दिली. पतीच्या सांगण्यानुसार गौरीच्या जागराला फुगड्या घातल्या, तेव्हापासून दुखणं. इतर तक्रार नाही, असं पती सांगतात.

काहीतरीच काय! मी कुठे असं...

पण सांगितलं होतं. हौसेनेच सांगितलं होतं. "साठी उलटली तरी फुगड्या घालते हो आमची!" डॉक्टर हसला होता. तोही हसला होता. मायासुद्धा हसली, पदराने कपाळावरचा घाम टिपत, थंडगार एसीत घाम, आणि मग जरा पुढे सरकून म्हणाली होती, "तसं नाही हो डॉक्टर, मला पहाटे..."

"अगं थांब, त्यांना वेळ नसतो."

हे कोण म्हणालं? डॉक्टर? डॉक्टरच असणार, त्याच्याच दारात रांग होती... नाही. त्या माणसाने पेन थांबवलं होतं. क्षणभर का होईना, तिच्याकडे बघितलं होतं. अगं थांब. आवाज माझाच. आणि ती थांबली. एवढी वर्षं थांबतच आली होती ती, मला कधी वाटलंच नाही की ती थांबते आहे, मला वाटायचं तिला काही सांगायचं नसतं. तरी त्याने परत विचारायला नको होतं? डॉक्टर तो होता, मी नव्हतो! पुन्हा एकदा विचारलं असतं तर... हे म्हणताना त्याला आतून काही जोर मिळेना.

"काका, इथे सही करा. तक्रार मिटली म्हणून."

त्याने पेन घेतलं, आणि तसंच धरून ठेवलं.

"अजून काही सांगायचंय का तुम्हाला?" तिने विचारलं. मनापासून विचारलं, आणि बाकीचे कागद बाजूला ठेवले.

"मला नाही," तो म्हणाला. "तिला सांगायचं होतं."

 मुलीने पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. मागे खिडकीबाहेर कोणीतरी टोकन नंबरावरून कुरकुरत होतं, एरवी राजारामने वळून त्यालाही दोन शब्द सुनावले असते. आज त्याने मान वळवली नाही. सही करायची की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं, आणि त्याची घाईही वाटत नव्हती. सांग आता. मी काही बोलत नाही. पहाटे काय व्हायचं तुला, माया? मी तर शेजारीच झोपलेला असायचो.