गादीवरची परीक्षा

भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी आयुष्यात तीनच मोटरसायकली घेतल्या, आणि तिन्हींच्या मागच्या सीटवर मास्तरीणबाईच बसल्या. पहिली सडपातळ. चढावर धापा टाकायची, पण लग्नानंतर तिनेच दोघांना थेट दीपगृहापर्यंत नेलं. दुसरीचा आवाज असा, की मास्तर कोपऱ्यावर वळले की बाई चहाचं आधण ठेवायच्या. तिसरी म्हणजे धूडच. अडीचशे किलो, सामानाच्या तीन पेट्या, ऐसपैस सीट. तिच्यावरून दोघांनी बर्फातली खिंडसुद्धा ओलांडली. दिवसभर गाडी हाकूनही हा माणूस कधी बायकोवर खेकसला नाही. रस्ता चुकला तर स्वतःवरच चिडायचा. असा माणूस लाखात एक, हे बाईंचं ठाम मत. तोंडावर मात्र त्या तसं म्हणत नसत. आधीच मास्तर, त्यात आणखी डोक्यावर बसले असते.

मास्तरांचा एक नियम होता. दर वाढदिवसाला सकाळी अंगणात जुनी गादी टाकायची, तिच्यावर गाडी आडवी करायची आणि एकट्याने उचलायची. ज्या वर्षी उचलणार नाही, त्या वर्षी विकायची.

"आडरानात गाडी पडली आणि उचलता आली नाही, तर मागे बसलेल्या माणसाने काय करायचं?" ते म्हणत.

मागे बसणारं माणूस पायरीवर चहा पीत बसे आणि गाडी उभी राहिली की टाळ्या वाजवी.

अडुसष्टाव्या वाढदिवसाला टाळ्या वाजल्या नाहीत. मास्तरांनी सीटला पाठ टेकली, मागे हात नेऊन गाडी धरली, पाय रोवले. गाडी वीतभर उठली आणि परत बसली. तीनदा तेच झालं. शेजारचा मेकॅनिक धावत आला, तर मास्तर म्हणाले, "हात लावायचा नाही."

"गादी घसरली हो," बाई म्हणाल्या. "पुन्हा करा."

"कुठे घसरली? खोटी साक्ष देऊ नकोस."

आठवड्याभरात गाडी गेली. मास्तर नकाशे उघडत आणि न बघताच मिटत. जेवणातलं लक्ष उडालं. हा माणूस घरात बसला तर वाळून जाईल, हे बाईंना लख्ख दिसत होतं. त्या तडक मेकॅनिककडे गेल्या आणि एक जुनी, हलकी गाडी अंगणात आणवली.

मास्तरांनी ती गादीवर आडवी केली आणि उचलली. चेहरा मात्र खुलला नाही.

"आज उठली. पुढच्या वर्षी काय?"

बाईंनी चहाचा कप त्यांच्या हातात दिला, पदर खोचला आणि गाडी पुन्हा आडवी केली.

"अगं, कंबर मोडून घेशील!"

"चाळीस वर्षं पायरीवर बसून मी काय नुसता चहा पीत होते?"

त्यांनी सीटला पाठ टेकली, हात मागे नेले, पाय रोवले. तोंड लालबुंद झालं. पण एकेक पाऊल मागे सरकत त्यांनी गाडी उभी केली.

मास्तर पायरीवर बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि टाळ्या वाजवल्या.