चेटकिणींच्या घराची किल्ली

"आधी दात बघ तिचे," मधली फोनवर म्हणाली. "शंभर वर्षं जंगलात राहिलेली चेटकीण, आणि दात असे, की आत्ताच डबीतून काढून बसवलेत."

"तुला माणसाचं दुसरं काही दिसतच नाही का गं, माई?" पलीकडून धाकटी.

"दुसरं काही दाखवलं तर दिसेल ना. जुन्या मालिकेतल्या थोरलीचा पुढचा एक दात जरासा आत होता. हसली की खरी वाटायची."

"खरी? तिचा झाडू दोरीला टांगलेला असायचा. दोरी दिसायची ढळढळीत."

"दिसू दे. आपण कुठे दोरीकडे बघत होतो, चिमे?"

मधली कवळ्या बनवते. दंतवैद्यांच्या गल्लीत मागच्या बाजूला एक लॅब आहे, तिथे प्लास्टरचे जबडे आणि मेणाच्या हिरड्या यांच्यात तिची सगळी उमर गेली. त्यामुळे कुणाची ओळख झाली की ती आधी दात बघते, मग नाव विचारते, आणि नाव बहुतेक विसरते. धाकटी समुद्रापलीकडे असते. नवरा, मुलं, नोकरी, सगळं जिथल्या तिथे. थोरली कुठेच नसते. तिला जाऊन दुसरं वर्ष लागलं.

तिघी लहान होत्या तेव्हा टीव्हीवर तीन चेटकिणी बहिणींची मालिका लागायची. मोठीनं कुलपाला हात लावला की ते उघडायचं. मधलीला वाडग्यातल्या पाण्यात लांबचं दिसायचं. धाकटी मनात आलं की गायब व्हायची. आपल्यातली कोण कोणती, हे थोरलीनं वयानुसार ठरवून टाकलं आणि त्यावर अपील नव्हतं. मधली पुष्कळ कुरकुरली. वाडग्यात बघत बसायचं ही कसली जादू, हे तर भांडी घासण्याचंच काम. पण पुढे वाटणी अगदी चोख निघाली. धाकटी लग्न करून गायब झाली. मधली लांबून तिचे फोटो बघत राहिली. आणि थोरली, जिनं लग्न केलं नाही, ती मधलीबरोबर राहिली. शाळेतलं काम उरकून आधी घरी यायची आणि रोज संध्याकाळी बेल वाजली की दार उघडायची.

रविवारचा फोन तेव्हा थोरलीचा असायचा. मधलीच्या वाट्याला त्याचं शेपूट यायचं. "माईला दे जरा. कशी आहेस? बरी? बरं." थोरली गेली आणि अख्खा फोन मधलीच्या अंगावर पडला. एवढ्या मोठ्या फोनचं करायचं काय, ते दोघींनाही कळेना. जेवलीस? जेवले. तू? हो. थंडी आहे? आहे. मग दोघी एकदमच "ठेवू का" म्हणायच्या आणि दोघींना सुटल्यासारखं वाटायचं. हे असंच चाललं तर हा फोन महिन्यावर जाईल, मग वाढदिवसावर, हे मधलीनं ओळखलं होतं. माणसं कशी उणे होत जातात याचा तिला पक्का अंदाज होता.

अशात ती मालिका कुणीतरी नव्यानं काढली. नव्या बहिणी, नवं घर, दोरी न दिसणारे झाडू. पहिल्याच रविवारी धाकटी म्हणाली, जुनीपेक्षा बरी आहे. मधली म्हणाली, तुझं डोकं फिरलंय. त्या दिवशी मधलीचा चहा कपातच गार झाला आणि तिच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून ती आठवडाभर नव्या मालिकेतल्या खोडी गोळा करी आणि रविवारी एकेक करून काढी.

"पण मावशी, इतकी वाईट आहे तर बघता कशाला?" लॅबमधल्या पॉलिशवालीनं एकदा विचारलं. ही मुलगी शेजारच्या टेबलावर कवळ्यांना चकाकी आणायची आणि मधलीच्या टीकेची पहिली रंगीत तालीम तिच्यासमोर व्हायची.

"वाईट कोण म्हणतंय? छान आहे."

"आत्ता तर तुम्ही..."

"ते रविवारसाठी." मधलीनं मेणातला एक दात पात्यानं हळूच तिरका केला. सगळे दात सरळ बसवले तर माणूस हसताना दुकानासारखा दिसतो, म्हणून एक तरी ती जरासा कलता ठेवायची. "दोघींना एकच आवडलं, तर बोलायचं काय?"

"बहिणी ना तुम्ही? बोलायला कारण लागतं?"

"तुझी बहीण कुठे राहते?"

"वरच्या मजल्यावर."

"मग तुला नाही कळायचं."

त्या शनिवारी संध्याकाळी नव्या मालिकेतली थोरली मेली.

जुन्या मालिकेतही ती दरवर्षी मरायची, पण पुढच्या भागात कसलासा काढा पिऊन उठायची. "मरूसुद्धा देत नाहीत बाईला," म्हणून खरी थोरली हसायची. या नव्या थोरलीला मात्र कुणी काढा पाजला नाही. तिला पुरून दोघी बहिणी घरी आल्या, तर दार बंद. घराला किल्लीच नव्हती. कधी लागलीच नव्हती. एकीनं मंत्र म्हटले, दुसरीनं दाराला धडका दिल्या. मग दोघी आपल्याच पायरीवर बसून राहिल्या आणि भाग संपला. मागे संगीतही नव्हतं.

मधली टीव्ही बंद न करता तशीच बसली. पुढे बातम्या लागल्या, त्याही तिनं बघितल्या.

रविवारी फोन आला तेव्हा खोडी तयार होत्या. चेटकिणीला पुरताना केस इतके नीट कसे, ही एक. दुसरीही होती. पण तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "चांगला होता कालचा भाग."

"काय म्हणालीस?"

"जुन्यापेक्षा चांगला होता." आणि मग थांबता येईना. "ताई गेली ना, त्यानंतर मी पहिल्यांदा कामावर गेले होते बघ. संध्याकाळी आले, बेल वाजवली आणि उभी राहिले. किल्ली पर्समध्येच होती. पण मी आपली उभी. मनात म्हणतेय, आज फार वेळ लावला हिनं. पुन्हा वाजवली. मग शेजारीण बाहेर आली."

मधलीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"चिमे?"

"मी नाही बघितला तो भाग. अर्ध्यात बंद केला."

"का गं?"

"मला जुनीच बरी वाटते. तिच्यात ती उठते." मग धाकटी म्हणाली, "ताई गेली तेव्हा मी तिकीट बघत होते. तूच म्हणालीस, आता येऊन काय करणार, सगळं उरकलंय."

"तुझी ओढाताण नको म्हणून म्हटलं."

"माहितीये."

"अगं, पण पुढचे भाग तर बघ. ती मधली आहे ना, तिचे खालचे दात..."

"नाही गं माई. मी आता नाही बघणार. ठेवू?"

या वेळी 'ठेवू' एकटीच म्हणाली.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. मधलीनं लावला. फोन नेहमी तिकडूनच येत असल्यामुळे नंबर शोधावा लागला. तो वाजून वाजून थांबला आणि निरोप आला, कामात आहे, नंतर बोलते. त्यापुढच्या शनिवारी मालिकेतल्या दोघींनी कुलूपवाला बोलावला. त्याच्या पुढच्या दोन दातांत चांगली फट होती.

"दात बघ त्याचे," मधली म्हणाली. टेबलावरचा फोन काळाच होता.

सोमवारी तिनं खुंटीवरची थोरलीची किल्ली काढली. तिच्या गोफाला अजून थोरलीच्या हाताच्या मलमाचा वास होता. किल्ली तिनं कापसात गुंडाळली आणि लॅबमधल्या कवळीच्या डबीत ठेवली. चिठ्ठी लिहायला घेतली, 'ये' असं लिहिलं, ते फार हुकमी वाटलं म्हणून कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि नुसतीच डबी बांधली.

पोस्टातल्या कारकुनानं डबी कानाशी हलवून बघितली. त्याच्या वरच्या बाजूला एक दाढ नव्हती.

"कवळी का?"

"किल्ली."

"कशाची?"

"घराची."

"समुद्रापलीकडे पाठवताय. घर तिकडे आहे?"

"घर इथेच आहे," मधली म्हणाली.

त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि शिक्का मारला.

त्या संध्याकाळी दाराशी आल्यावर तिचं बोट सवयीनं बेलकडे गेलं. बटणावर ते थोडा वेळ नुसतंच टेकून राहिलं. मग तिनं पिशवी खाली ठेवली आणि पर्समध्ये किल्ली शोधू लागली.