चिमणीकाठ कुणी नेसला होता?

इचलकरंजीहून निघालेल्या एसटीत, कोल्हापूर येईपर्यंत, स्वप्नालीनं आण्णांना, तिच्या आजोबांना, तेच तेच पढवलं. काठाच्या नक्षीचा कागद पन्नास वर्षं ट्रंकेत पडून होता. त्याचं लुगडं कधी विकलं नाही, कुणी नेसलं नाही. आण्णा दर वेळी मान हलवत आणि खिडकीबाहेरचा ऊस बघत बसत.

आण्णांनी उमेदीत ग्राफच्या कागदावर चौकटी भरून लुगड्यांचे दीड-दोनशे काठ काढले. पण लुगड्यावर शिक्का पडायचा तो व्यापाऱ्याचा. आपलं नाव कशावरच आलं नाही, ही सल त्यांनी कधी लपवली नाही. पाव्हणा आला की चहाआधी ती गोष्ट निघायची. त्यांचा सगळ्यात लाडका चिमणीकाठ: चिमण्यांची रांग, आणि दर दहावी चिमणी मागं वळून बघणारी.

गेल्या महिन्यात तोच काठ स्वप्नालीला मोबाइलवर दिसला. मुंबईची कुठलीशी कंपनी आपलं जुनं डिझाइन म्हणून साड्या विकत होती. दहावी चिमणीसुद्धा उचललेली. पोरीच्या अंगाचा तिळपापड झाला. आण्णांच्या नावानं नोंदणी करायचीच, असं तिनं मनावर घेतलं. मग कळलं की नोंदणी फक्त लोकांपुढं कधी न आलेल्या डिझाइनची होते. म्हणून ही एसटीतली शिकवणी. खोटं ते खोटंच, पण आजोबांसाठी जीव तुटत होता तिचा.

कोल्हापुरात राजारामपुरीत उदयसिंह वकिलांनी कागद उलटसुलट पाहिला, मनापासून वाखाणला आणि पेन उघडलं.

"आण्णा, या काठाचं लुगडं कुणी नेसलं होतं?"

स्वप्नालीनं टेबलाखालून आजोबांच्या पायाला पाय लावला. आण्णांनी कागद स्वतःकडं ओढला. 'न्हाय' एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यावर उभ्या जन्माची हौस फिटणार होती.

"नेसलंतं की," आण्णा म्हणाले. "हिच्या आज्जीनं. शेवंतानं."

मग त्यांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा नृसिंहवाडीला गेले तेव्हा शेवंताबाई झपाझप पुढं चालत होत्या. दहा पावलं झाली की मागं वळून बघायच्या, नवरा येतोय की हरवला. घरी आल्यावर आण्णांनी चिमण्या काढल्या. पहिलं लुगडं मागावरून उतरलं ते शेवंताबाईंनी नेसलं, आणि तीन वर्षांपूर्वी शेवटच्या वाटेवरही तेच त्यांच्या अंगावर होतं. मधल्या काळात निम्म्या जिल्ह्यातल्या बायका तो काठ नेसल्या, हेही आण्णांनी छाती फुगवून सांगितलं.

"ती नेसलीच न्हाय असं कसं सांगू, बाय?" ते नातीला म्हणाले. स्वप्नालीचे डोळे भरून आले. स्वतःच्या शिकवणीची तिला लाज वाटली.

वकिलांनी नोंदणीचा अर्ज बाजूला सारला. काठ लोकांत होता म्हटल्यावर आण्णांची मालकी आता होणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण त्याच कारणानं कंपनीलाही ती मिळायची नाही. तसं प्रतिज्ञापत्र करून ठेवू, म्हणजे उद्या त्यांनी नोंदणी मागितली तर पुढं करता येईल. मग कुणीही विणो, अडवणारं कुणी नाही.

आण्णांना ते पटलं. वकिलांनी मजकूर टाइप करून कागद पुढं ठेवला. काठ कुणी काढला, तिथं आण्णांचं पूर्ण नाव होतं. छापलेल्या अक्षरांत ते पहिल्यांदाच. आण्णांनी त्यावरून बोट फिरवलं. खाली, पहिल्यांदा कुणी नेसला, तिथं शेवंताबाईंचं नाव होतं.

"हे बदला, वकीलसाहेब," आण्णा म्हणाले. "तिचं वर घ्या, माझं खाली. ती पुढंच चालायची."

वकिलांनी कागद पुन्हा टाइप केला.