वीतभर आखूड पडदा

मित्रांनो, मी एक जुना मरून पडदा आहे. घाटकोपरच्या एका कॉलेजात, जिमखान्याच्या खोलीत, मोडक्या कॅरम बोर्डांवर मला टाकून दिलं आहे. मला बघून तुम्ही नाक मुरडाल, तर खुशाल मुरडा. पण आधी माझं ऐकून घ्या. ज्या कामासाठी मला शिवलं, ते काम कुणी मला धड करूच दिलं नाही, आणि त्याचा वैताग अजून माझ्या शिवणीशिवणीत आहे.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. त्या काळी अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या कॉलेजांतून वाजवणारी मुलं निवडून एकच मोठा बँड उभा करत. सव्वीस जानेवारीच्या संचलनात तो सगळ्यांच्या पुढे चाले. त्यात जागा मिळणं हा मोठा मान होता, आणि जिथे मान तिथे भांडण आलंच. प्रत्येक परीक्षकाला आपल्याच कॉलेजची मुलं गुणी वाटत. शेवटी आमच्या श्यामकांत सरांनी तोडगा काढला. मध्ये पडदा लावायचा. मुलांनी मागून वाजवायचं, नाव सांगायचं नाही, आणि परीक्षकांनी नुसतं ऐकायचं.

गुणाजी मंडपवाल्याने उरल्यासुरल्या कापडातून मला शिवलं. तो बिचारा म्हणाला होता, "सर, वीतभर जास्त घेतो. तारेवर चढला की वर उचलला जाईल." सर म्हणाले, "राहू दे रे, वीतभराने काय होतंय?" झालं. मी आखूड तो आखूडच राहिलो. खालून प्रत्येकाच्या चपला दिसायच्या. तरीही निवडीच्या दिवशी मी मोठ्या ऐटीत तारेवर चढलो. आज आपल्यामुळे न्याय होणार, असं मला खरोखर वाटत होतं.

पहिला मुलगा बोरिवलीचा होता. तो माझ्यामागे आला, त्याने ट्रम्पेट खाली ठेवलं, आणि सरळ मला वळसा घालून पुढे गेला. परीक्षक म्हणून बसलेल्या श्यामकांत सरांच्या पाया पडला, अंधेरीच्या वनमालाबाईंच्या पाया पडला. "सर, आशीर्वाद द्या."

"यशस्वी हो," सर म्हणाले. "आई बरी आहे ना?"

मग तो परत माझ्यामागे आला आणि त्याने वाजवलं. "छान! कोण आहे कोण जाणे," असं म्हणत सरांनी गंभीर चेहऱ्याने गुण दिले. मी कपाळाला हात लावला असता, पण मला हातच नाहीत.

त्याच्यामागून आलेल्या सगळ्यांनी तेच केलं. मोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय वाद्य तोंडाला लावायचं नाही, ही आपली रीत. रीत चांगलीच आहे हो, पण मग मला तिथे काय वाळत घातलं होतं? कोंबडं झाकायला टोपली आणायची आणि आरवायच्या आधी त्याचं तोंड सगळ्यांना दाखवून यायचं, त्यातलाच हा प्रकार.

शेवटी क्लॅरिनेटची एकच जागा उरली, आणि जया आली. ती मुलुंडच्या कॉलेजात शिकत होती. तिचे वडील धोंडिराम लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, तिला त्यांनीच शिकवलं होतं. तिच्यासोबत ढोल वाजवणारी तिची मैत्रीण मालन होती. दोघी माझ्याआड उभ्या राहून कुजबुजत होत्या.

"अगं, पुढे जाऊन पाया पड ना. सगळे पडले."

"नाही जाणार. गेल्या वर्षी सरांनी बाबांचं नाव विचारलं, आणि म्हणाले, इथे वरात नाही काढायची. अर्ध्यात थांबवलं मला. यंदा पडदा आहे. यंदा नुसतं ऐकू दे त्यांना."

"उर्मट म्हणतील यार. वाट लागेल तुझी."

जया खाली वाकली, माझ्या काठाला दोन बोटं लावली आणि ती कपाळाला टेकवली. पलीकडच्या दोघांना तिने माझ्यातूनच नमस्कार केला. खरं सांगतो, मला भरून आलं.

आणि मग तिने वाजवलं. सूर इतका स्वच्छ आणि भरलेला होता, की मी वाऱ्याशिवाय हललो. एवढ्या मुलांत असं कुणीच वाजवलं नव्हतं. पण पलीकडे काय चाललं होतं? कुणी पाया पडायला आलं नाही म्हणून श्यामकांत सर रागारागाने चहा ढवळत होते. कपात चमचा खणखणत होता. तिचं वाजवणं संपायच्या आधीच ते म्हणाले, "कोण आहे ही व्यक्ती? काही वळण? मी तर शून्य देणार."

"थांबा सर," वनमालाबाई म्हणाल्या. "नमस्कार केलाय तिने. पडद्याच्या काठाला केला. खालून बोटं दिसली मला."

सरांचा चमचा थांबला. "पडद्याला? वा! असे संस्कार आजकाल कुठे बघायला मिळतात, बाई?" त्यांनी भराभर गुण मांडले आणि स्वतः उठून माझ्यामागे आले. "पोरी, निवड झाली तुझी."

जयाचा चेहरा उजळला. "सर, वाजवलं कसं मी?"

"अगं, वाजवलंही असशील चांगलंच. पण तो नमस्कार! जिंकलंस."

"झकास," मालन तिला ढोसत म्हणाली. "झालं ना तुझं काम?"

"झालं," जया म्हणाली. तिने क्लॅरिनेटचे तुकडे एकेक सोडवून पेटीत ठेवले. तिच्या तोंडावरचा उजेड तेवढ्यात गेला होता. गेल्या वर्षी वडिलांच्या नावाने तिला घालवलं होतं, यंदा दोन बोटांनी घेतलं. तिचं वाजवणं दोन्ही वर्षी कुणी ऐकलंच नाही. मी ऐकलं होतं, पण मला विचारतो कोण?

पुढच्या वर्षी सरांनी मला काढून टाकलं. "पडद्यामुळे संस्कार दिसत नाहीत," म्हणाले.

मित्रांनो, जुने पडदे जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला कसर लागली तरी चालेल. पण तुमच्यासमोर कुणी जीव ओतून वाजवत असेल, तर तो कोण, कुणाचा, वाकला की नाही वाकला, हे नंतर बघा. आधी हातातला चमचा खाली ठेवा.